आजोबांचा उपास

शनिवार, वद्य एकादशी, सकाळ. हजर: पेशीवाले सर, राजश्री, मी. फ्लास्कमध्ये: आजोबा, कालपासून उपाशी. गैरहजर: सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस, जो सगळ्यांच्या आधी येणार होता.

कुठलीही हकिकत सांगायची तर आधी हजेरी घ्यावी, म्हणजे "मी तिथे नव्हतोच" म्हणायला नंतर कुणाला जागा राहत नाही. पण पेशीवाल्या सरांच्या बाबतीत हजेरीचाही उपयोग नसे. ते हजर असत, त्यांचं वाक्य गैरहजर असे. जन्म पुण्यात काढून, सगळी नोकरी एकाच संस्थेत करून, एकही वाक्य पूर्ण न करता निवृत्त झालेला दुसरा माणूस मला दाखवा, त्याची शाल मी माझ्या खर्चाने आणीन. पुण्यात माणसं मोजकं बोलतात ते समोरच्याला लागावं म्हणून. सर अर्धं बोलत ते मात्र कुणाला लागावं म्हणून नव्हे. उरलेलं अर्धं आपल्याला ठाऊक असणारच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. "बाई, तो जो वरचा..." एवढं म्हणून ते दारातून निघून जात. वरचा म्हणजे वरचा दिवा, वरचा मजला, वरचा अधिकारी की फ्रीजरचा वरचा कप्पा, हे शोधण्यात माझी सकाळ जाई. संस्थेतल्या सगळ्या प्रयोगशाळांची व्यवस्था माझ्याकडे आहे. गॅसचे सिलिंडर, हातमोजे, दुरुस्त्या, कचरा, किल्ल्या, सगळं. त्यामुळे सर मला नावाने हाक मारत नसत. "काय म्हणतंय व्यवस्थापन?" असं विचारत आणि उत्तर ऐकायला थांबत नसत.

लिहिण्यातही तेच. पेशी वाढवायची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, वारंवार उघडला की आतली ऊब आणि हवा बिघडते. म्हणून मी त्यांना दारावर सूचना लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या देखण्या अक्षरात पाटी लागली: "दार उघडण्यापूर्वी". बस, इतकंच. मी म्हटलं, "सर, उघडण्यापूर्वी काय?" ते म्हणाले, "हं. तेच." मी चिडून ती पाटी काढणार होते, पण आठवडाभरात लक्षात आलं की जो तो दारापाशी येतो, पाटी वाचतो, उघडण्यापूर्वी नेमकं काय करायचं याचा विचार करत उभा राहतो आणि बहुतेक वेळा न उघडताच परत जातो. माझ्या पूर्ण वाक्यांच्या पाट्यांना असं यश कधी मिळालं नाही. ही गोष्ट मी सरांना सांगितली नाही.

आता आजोबा. हे सरांचे कुणी नातेवाईक नव्हेत. फार वर्षांपूर्वी एका वृद्ध माणसाच्या मूत्राशयातली कर्करोगाची गाठ डॉक्टरांनी काढली. तिचा बारीकसा तुकडा, त्या माणसाच्या संमतीने, सरांकडे आला. नाव कळायची सोय नव्हती, ते बरोबरच आहे. पुरुष, वय झालेला, एवढंच कळलं. त्या तुकड्यातल्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, आम्ही तिला फ्लास्क म्हणतो, तळाला चिकटल्या आणि वाढायला लागल्या. वाढल्या की अर्ध्या काढून नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या, त्या पुन्हा वाढतात. तो माणूस पुढे वारला असणार, पण पेशींना कुणी तसं कळवलेलं नव्हतं. कागदोपत्री त्यांना एक क्रमांक होता. सर त्यांना आजोबा म्हणत. सकाळी आल्या आल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून "काय आजोबा, झोप..." असं विचारत आणि समाधानाने मान हलवत. मी चाळिशी पुसून, याद्या काढून, समोर उभी असे. मला झोप लागली का, हे अर्धंसुद्धा कधी विचारलं नाही.

या आजोबांची खोड अशी, की मूत्राशयाच्या पेशींनी जे करायचं ते सोडून त्या बाकी सगळं करत. मूत्राशयाच्या अस्तराचं काम काय, तर गळू न देणं. पण कर्करोग झाला की पेशी आपली पायरी सोडतात. या पेशी मीडियममध्ये, म्हणजे त्यांना घातलेल्या पातळ खाद्यात, नाना प्रकारचे पदार्थ सोडत बसायच्या. रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं एक हॉर्मोन. पांढऱ्या पेशींना "धावा" म्हणून बोलावणारे, सूज आणणारे निरोप, ज्यांना सायटोकाइन म्हणतात. आणि कहर म्हणजे, बाईला दिवस गेल्यावर शरीरात जे हॉर्मोन तयार होतं, त्याचा अर्धा भाग. हो, अर्धाच. ते हॉर्मोन दोन तुकडे जोडून पुरं होतं आणि आजोबा त्यातला एकच बनवत. सरांचं आणि त्यांचं इतकं का जमलं, हे मला त्या दिवशी समजलं. "आपलं काम सोडून बाकी सगळं," सर म्हणाले, "पुण्यात काय नवीन..." आणि मग, खोलीत दोन पाहुणे बसलेले असताना, मला उद्देशून: "व्यवस्थापन, आजोबांना दिवस गेलेत." पाहुण्यांनी चहा अर्धवट ठेवला.

याची खात्री करायला नीट, महागडी तपासणी असते आणि ती पुढे झालीच. पण तिच्या आधी सरांना उत्सुकता आवरेना. ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन घरी गर्भधारणा तपासायची पट्टी घेऊन आले. फ्लास्कमधल्या मीडियमचे थेंब टाकले. एक रेघ गडद आली, दुसरी आहे म्हटलं तर आहे अशी. "फिकट आहे, कारण अर्धं..." असं म्हणून ते दुसऱ्या कंपनीची पट्टी आणायला गेले. मग तिसऱ्या. कुठली पट्टी त्या अर्ध्या तुकड्याला ओळखते आणि कुठली नाही, याचा त्यांना नाद लागला. साठीला आलेला, अविवाहित, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर कापडी पिशवी असलेला गृहस्थ दर आठवड्याला येऊन या पट्ट्या मागतो म्हटल्यावर दुकानदाराने किती दिवस गप्प बसावं. एकदा तो म्हणाला, "काका, आता पट्ट्या पुरे. डॉक्टरांना दाखवा." सर म्हणाले, "माझ्यासाठी नाही हो, आजोबांसाठी." हे मला कसं कळलं, तर नंतर मी तिथे डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले. ती डोकेदुखीही सरांनीच दिलेली होती. दुकानदाराने मला विचारलं, "तुमच्याकडे ते जे काका आहेत, त्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

पट्ट्यांचं वेड ओसरलं, पण उष्ट्याचं नाही. पेशींनी खाऊन झालेलं मीडियम सगळं जग ओढून फेकून देतं आणि ताजं घालतं. सर ते जपून ठेवत. पेशींनी जे काही सोडलं ते त्या उष्ट्यातच असणार, हे शास्त्र मला मान्य आहे. पण किती ठेवावं. त्यांच्या घराण्यात पानात टाकायची पद्धत नव्हती, असं ते एकदा म्हणाले, म्हणजे त्याच्या निम्मं म्हणाले. उणे ऐंशी अंशांचा आमचा एकुलता एक फ्रीजर, त्यात चार जणांचे कप्पे, आणि त्यातले अडीच सरांच्या उष्ट्याने भरलेले. बरं, नमुन्यांसाठी मी मागवलेले पुठ्ठ्याचे खोके त्यांना पसंत नव्हते. ओल धरतात म्हणे. त्यांनी ताईंचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा, स्टीलचा डबा आणला. वारज्याला राहणाऱ्या या ताईंना लग्नात मिळालेला सहा गोल डब्यांचा संच, प्रत्येकाच्या झाकणावर त्यांचं माहेरचं नाव कोरलेलं. त्यातला एक सरांनी कायमचा उचलून आणला. फ्रीजर उघडला की कर्करोगाच्या पेशींचं उष्टं समोर आणि त्यावर एका नवरीचं नाव. डब्यातल्या नळ्यांवर काय लिहिलेलं, तर "आ", "उ", "शे". मी विचारलं, "शे म्हणजे?" सरांनी नळी उजेडात धरून फिरवली. "शेवटचं असावं. किंवा शेजारचं." मी तिथून बाहेर जाऊन पाणी प्यायले.

आणि उपास. पेशींच्या मीडियममध्ये वासराच्या रक्ताचं सीरम घालावं लागतं, ते त्यांचं तूप-लोणी. पण सीरममध्येच मुळात हॉर्मोनं आणि निरोप असतात, त्यामुळे नळीत सापडलेलं पेशींनी बनवलं की सीरममधून आलं, हा वाद उरतो. म्हणून अधूनमधून पेशींना सीरमशिवाय ठेवायचं आणि त्या मुदतीत त्या काय सोडतात ते पाहायचं. याला सगळीकडे उपाशी ठेवणंच म्हणतात. सरांनी ते शब्दशः घेतलं. दशमीला सीरम बंद, एकादशीला दुपारी उष्टं गोळा करायचं, लगेच आजोबांना पारणं. त्यांना देवाधर्माचं फारसं काही नव्हतं, पण तारीख ते विसरत आणि एकादशी कॅलेंडरवर लाल अक्षरांत छापून येते. शिवाय आजोबांना उपाशी ठेवून आपण पोहे खाणं बरं दिसत नाही, म्हणून त्या दिवशी तेही उपास करत. म्हणजे ताईंकडून येणारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ. मी एकदा म्हटलं, "आजोबांना निर्जळी आणि तुम्हाला खिचडी, हा कुठला न्याय?" सर म्हणाले, "त्यांनाही मीठ-साखर असते. उपासाला माणूस जास्तच..." जास्तच काय, खातो की बोलतो, ते राहिलं. आजोबा मात्र उपासाच्या दिवशीही बोलायचे थांबत नसत, हे खरं.

राजश्री सरांची विद्यार्थिनी. वाशीमकडची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आलेली, कामाला वाघ आणि स्वभावाने शांत. ती आल्यापासून सरांच्या वाक्यांची उत्तरार्धं तीच पुरी करत असे. सर म्हणत, "तो जो दुसरा, तो जरा..." आणि राजश्री उठून नेमकी वस्तू घेऊन येई. मी विचारलं, "तुला कसं समजतं गं?" ती म्हणाली, "मॅडम, आमचे बाबा तर एवढंपण बोलत नाहीत."

तर यंदा संस्थेची ही जुनी इमारत रिकामी करून कात्रजच्या बाजूच्या नव्या इमारतीत जायचं ठरलं. तिथे जागा कमी, म्हणून कुठल्या पेशी न्यायच्या आणि कुठल्या नष्ट करायच्या हे ठरवायला बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आली. अध्यक्षबाई कडक, पण मुद्द्याला धरून. त्यांनी सरांना सरळ विचारलं, "हे पदार्थ तुमच्या पेशीच बनवतात कशावरून? सीरममधले नसतील कशावरून?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर सरांच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षांच्या एकादश्यांच्या रूपाने पडलेलं होतं. पण कुठली नळी उपासाची आणि कुठली पोटभर जेवलेल्याची, हे "आ" आणि "शे" यांवरून देवालाही सांगता आलं नसतं. सर म्हणाले, "म्हणजे आजोबा जे..." आणि अध्यक्षबाई उरलेल्या वाक्याची वाट बघत राहिल्या. शेवटी राजश्रीने हात वर करून सांगितलं, की नव्याने नमुने घेऊ, नावं नीट घालू, सोबत पेशी नसलेल्या फ्लास्कमधलं नुसतं मीडियमही ठेवू. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पण त्यात जमलं नाही तर पेशी आणि त्यांचे सगळे साठे उच्च दाबाच्या वाफेत घालून संपवायचे. इन्क्युबेटरच्या गॅसची जोडणी पुढच्या सोमवारी तोडणार होते आणि महिनाअखेर सर निवृत्त. त्याआधी एकच एकादशी शिल्लक होती. ती वर हजेरी घेतलेली.

त्या दिवशी राजश्रीने प्रत्येक नळीवर संपूर्ण शब्द लिहिले. मी मागे उभी राहून एकेक वाचला. दुपारी उष्टं गोळा झालं, आजोबांना पारण्याचं सीरम मिळालं, नळ्या स्टीलच्या डब्यात नीट उभ्या राहिल्या. डबा मात्र सर बंद करणार होते. त्यांनी केला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर लिहिलं, "उप". चहाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये त्याच संचातला दुसरा डबा होता, ताईंच्या खिचडीचा. त्या गडबडीत त्यांनी ती खाल्लीच नव्हती. त्याच्यावर कुणी खारवलेले मासे ठेवू नयेत म्हणून त्यांनी सकाळीच पट्टी लावली होती. पट्टीवर काय असणार. सामानवाल्या माणसाने मला गेटवर बोलावलं, राजश्री फ्लास्क परत ठेवायला गेली, आणि सर एक डबा फ्रीजरमध्ये ठेवून, दुसरा कापडी पिशवीत घालून, वारज्याच्या बसला लागले.

मी गेटवरून परत आले तर राजश्री फ्रीजरसमोर उभी. दार उघडं, आणि ती ते लावत नव्हती, यावरूनच काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "सरांनी खिचडी गोठवून टाकली."

मी वाकून पाहिलं. डब्याचं झाकण तिच्या हातात, डबा तळच्या बर्फाला घट्ट चिकटलेला, आत खिचडी, वर एक हिरवी मिरची, उणे ऐंशीला. त्याच्या बरोबर वर माझी पाटी: "या फ्रीजरमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत." पूर्ण वाक्य.

सरांना फोन लावला. तो त्यांच्या टेबलाच्या खणात वाजला. मग ताईंच्या घरचा नंबर लावला. तो माझ्याकडे होता, कारण माझ्याकडे सगळ्यांचे असतात.

"ताई, सर पोचले का?"

"पोचला. उन्हातून आला, पाणी प्यायला, आडवा झाला. आपण कोण?"

मी सांगितलं. म्हटलं, "त्यांच्या पिशवीतला डबा उघडू नका हं."

"उघडला की. खिचडी खाल्ली नाही म्हणाला, म्हटलं गरम करून देते. तर आत सगळ्या नळ्या. गुलाबी पाणी. तुमच्याकडे उपासाला कोकम सरबत असं वाटतात का?"

मीडियमचा रंग गुलाबी असतो. मी विचारलं, "ताई, कुणी प्यायलं नाही ना?"

"मला काय वेड लागलंय? नळ्यांतलं कोण पितं? एक उघडून वास घेतला फक्त."

"मग?"

"मग काय. वास नाही, चव कशाला बघा. झाकण लावलं, साबणाने हात धुतले, आणि सगळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, बर्फाच्या ट्रेशेजारी. वर उप लिहिलंय, म्हटलं उपासाचं काहीतरी आहे, उन्हाचं नासायला नको."

मी ताईंना म्हटलं, "तुम्ही फार उत्तम केलंत." "ते मला माहितीय," ताई म्हणाल्या.

थर्मोकोलचा खोका, त्यात कोरडा बर्फ, हातमोजे, सांडलंच तर पुसायचं सामान, एवढं घेऊन आम्ही रिक्षाने वारज्याला गेलो. वाटभर राजश्री खोका मांडीवर धरून बसली होती. तिचा प्रबंध त्या नळ्यांत होता, पण पुलावर रिक्षा अडकली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, सर आजोबांना कधीच विसरले नाहीत. हे काऊन झालं?" मी म्हटलं, डबे सारखे आहेत.

सर उठून बसले होते. ताईंनी नळ्या एकेक करून माझ्या खोक्यात ठेवायला दिल्या, आणि रिकामा झालेला डबा तिथल्या तिथे माझ्याच जंतुनाशकाने पुसून घेऊन मोरीत टाकला. सर चप्पल न घालता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आधी नळ्यांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "हे मी केलं?"

इतक्या वर्षांत, उत्तरासाठी थांबून, त्यांनी मला विचारलेला हा पहिला पूर्ण प्रश्न. एरवी मी उत्तर तयार ठेवलेलं असतं. त्या दिवशी मी खोक्याचं झाकण दाबून बसवत राहिले आणि म्हटलं, "डबे अगदी सारखे आहेत सर. कुणाचंही झालं असतं." राजश्री म्हणाली, "मीपण तोच उचलला असता." सरांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. ताई आमच्याकडे पाठ करून भांडी लावत होत्या. "हल्ली गॅसही चालू राहतो त्याच्याकडून," त्या भांड्यांना म्हणाल्या. मग वळून मला, "खिचडी घेणार का? उपास नसला तरी चालते." आम्ही खाल्ली. निघताना त्या दारापर्यंत आल्या. "माझा दुसरा डबा तुमच्या बर्फात आहे ना? सहाचा संच आहे. कधी देताय?"

"सोमवारी," मी म्हटलं.

पुढे तपासण्या झाल्या. पेशी नसलेल्या फ्लास्कमधल्या मीडियममध्ये काही नव्हतं. आजोबांच्या उपासाच्या उष्ट्यात मात्र ते अर्धं हॉर्मोन होतं, कॅल्शियमवालं थोडं होतं, आणि सूज आणणारे निरोप भरपूर. म्हणजे सीरमचा हात नाही, बोलतात ते आजोबाच. नमुने मधल्या काळात कुठे होते हे मी अहवालात लपवू दिलं नाही. राजश्रीने लिहिलं, "काही तास वारजे येथे". ताईंनी वास घेतलेली नळी आम्ही वेगळी काढली, तेही लिहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "वारजे म्हणजे कुठलं साठवण केंद्र?"

"घरगुती," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, उन्हात आणि घरच्या फ्रीजरमध्ये हे पदार्थ कमी होतील, वाढणार तर नाहीत. आणि नुसतं मीडियमही त्याच डब्यातून हिंडून आलंय. तेव्हा इतकं होऊनही आजोबांकडे सापडलं ते त्यांचंच. त्यांनी सही केली. आजोबांना नव्या इमारतीत एक कप्पा मिळाला. सरांनी सहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, म्हणजे आता..."

निरोपाच्या समारंभात ते बोलायला उभे राहिले. "मी इतकंच म्हणेन की," असं म्हणून त्यांनी समोर पाहिलं, थोडं थांबले आणि खाली बसले. सभागृहाने खूप वेळ टाळ्या वाजवल्या. आमच्या संस्थेतलं सगळ्यात कमी वेळ चाललेलं आणि सगळ्यांना पुरतं समजलेलं भाषण तेच.

आता ते ताईंकडे वारज्याला असतात. नव्या इमारतीत सगळं माझ्या मनासारखं आहे. खोके पुठ्ठ्याचे आहेत, नळ्यांवर नावं पूर्ण आहेत, राजश्री प्रबंध लिहिते आहे, कुणी कुणाला अर्धवट बोलत नाही. दर एकादशीला सकाळी मात्र माझा फोन वाजायचा. "आजोबा?" "उपास चालू आहे, सर." "हं." आणि ठेवून द्यायचे. त्या वेळी मी हातात पेन घेऊन फोनजवळ बसे, दुसरं काही काम काढत नसे, कारण दोन मिनिटांच्या फोनने कामाची लय मोडते. मागच्या खेपेला एकादशीला फोन आला नाही. द्वादशीला आला. "आजोबा?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "उपास चालू आहे, सर." पेशी तर कालच पोटभर जेवल्या होत्या. जरा थांबून त्यांनी परत विचारलं, "आजोबा?" मीही परत सांगितलं.

डबा अजून तिथेच आहे. फ्रीजर हलवला तेव्हा तोही आतल्या आत कात्रजला आला, तळाच्या कप्प्यात, झाकणावर ताईंचं माहेरचं नाव आणि पट्टीवर "उप". सोमवार होऊन बरेच महिने झाले. मध्यंतरी सुरक्षेच्या तपासणीला आलेल्या माणसाने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "सरांचा नमुना." "कसला?" "उपासाचा." त्याने खूण करून दार लावलं. तपासणी झाल्यावर मी पुन्हा उघडलं, डबा जरा हलवून पाहिला. आता तो बर्फातून सहज सुटतो.

ताईंचा परवा निरोप होता, घाई नाही, पण संच आहे. तेव्हा राहिलेलं काम: डबा काढणे, धुणे, वारज्याला नेऊन देणे. रिकामा द्यायचा नाही. आत काय घालायचं ते ठरलेलं नाही.